होती तशी

माझ्या बाबांना सगळा रस्ता ‘कंपनी’ म्हणतो. जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणारा माणूस आणि तोंडात कायम एकच वाक्य, कंपनीने जशी दिली तशीच. गिऱ्हाईक म्हणालं की हँडल जरा उंच करून द्या, की बाबांच्या कपाळावर आठ्या. गिऱ्हाईक म्हणालं की टाकी लाल केली तर चालेल का, की बाबा हातातला पाना खाली ठेवणार आणि अगदी गोड आवाजात दुसऱ्या गॅरेजचा पत्ता सांगणार. गाडी बनवणाऱ्यांनी काय विचार केला असेल याची त्यांना जेवढी कदर आहे, तेवढी घरातल्या कुणाच्या विचाराची त्यांनी केलेली मला आठवत नाही.

गॅरेजमध्ये दोन पिंपं आहेत. एकावर खडूने लिहिलंय ‘कंपनीचं’ आणि दुसऱ्यावर ‘मागाहूनचं’. गाडी उघडली की तिच्यातला मूळचा प्रत्येक भाग पहिल्या पिंपात जातो, मग तो गंजलेला असो, वाकलेला असो, अर्धा तुटलेला असो. मधल्या मालकांनी हौसेने लावलेलं, जोडलेलं, चिकटवलेलं सगळं दुसऱ्या पिंपात. पहिलं पिंप माझ्या जन्मापासून रिकामं झालेलं नाही. दुसरं भंगारवाल्याची हातगाडी आली की रिकामं होतं. ही वाटणी करताना बाबा बघतही नाहीत. माणूस एकीकडे बोलत असतो आणि हात दुसरीकडे टाकत असतात.

मी त्याच गॅरेजच्या पुढच्या खोलीत सीटा शिवते. लग्न-बिग्न केलं नाही, शिलाई मशीनशी जमलं ते जमलं. बाबांना कंपनीची लागते तशी सीट मी डोळे मिटून शिवते, काळं रेक्झिन, पांढरी किनार, खाली स्प्रिंगा. या कामात माझा हात धरणारं इथे कुणी नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण बाबा कधी सांगणार नाहीत.

माझा भाऊ माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. आईबाबांनी आशा सोडल्यावर झाला, म्हणून सगळ्यांनी डोक्यावर बसवून ठेवला. घरात त्याला धाकट्या म्हणायचो. पिंपांची भानगड कळण्याइतका मोठा झाल्यावर तो म्हणायचा, “ताई कंपनीची आणि मी मागाहूनचा.” आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची. बाबासुद्धा हसायचे. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

धाकट्याला बाबांनी एक गाडी दिली होती. एका सिलिंडरची, जुनी, भंगारातून उचलून आणलेली आणि मग बाबांनी हळूहळू नव्या नवरीसारखी सजवलेली. देताना एकच अट घातली, हिला हात लावायचा नाही. चालव, पूस, तेल बदल, बाकी काही नाही. आता हे असं सांगणं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून त्याला उपास करायला सांगण्यातला प्रकार. धाकटा थोडे दिवस शहाण्यासारखा वागला. मग बाबा एका आजारी मित्राला बघायला परगावी गेले आणि याने लोखंड कापायचा ग्राइंडर काढला.

बाबा परत आले तेव्हा गाडी अंगणात उभी होती. मागचं मडगार्ड नव्हतं. चॅसिसचा मागचा भाग कापून सीट इतकी खाली आणली होती की बसणाऱ्याला वाटावं आपण पाटावर बसलोय. हँडल उंच आणि रुंद. मागच्या दिव्याच्या पाठीला एक गोल पत्रा होता, तो आईच्या पातेल्याचं झाकण होतं, आणि आई ते आठवडाभर शोधत होती. रंग वांग्याचा. सायलेन्सर अर्ध्यात कापून याने स्वतः वेल्डिंग करून जोडला होता, आणि धाकट्याला बाकी पुष्कळ काही येत असेल, वेल्डिंग अजिबात येत नव्हतं. त्या सांध्यावर नुसते लोखंडाचे गोळे आले होते. सीट मात्र मी शिवली होती. तपकिरी, चौकटीचौकटीची, त्याच्या हट्टापायी चौकटी मुद्दाम लहानमोठ्या केलेली. मला ती फार आवडली होती आणि अजूनही आवडते.

बाबा गाडीभोवती एकदा फिरले. कापलेल्या चॅसिसवर बोट फिरवलं. मग शब्दाने शब्द वाढला. बाबा म्हणाले, पन्नास जणांच्या हातून शाबूत राहिलेली गाडी तुझ्या हातून मेली. धाकटा म्हणाला, पन्नास जणांनी ती नुसती सांभाळली, कुणाची झाली नव्हती ती, आता माझी झाली. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. माझ्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट आहे.

त्यानंतर धाकट्याने रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक गाळा घेतला आणि लोकांच्या गाड्या कापायला लागला. त्याच्याकडे बरीच पोरं यायची. बाप एका टोकाला गाड्या होत्या तशा करतोय आणि पोरगा दुसऱ्या टोकाला नव्हत्या तशा करतोय, यावर रस्त्याने मनसोक्त करमणूक करून घेतली. बोलणं बंद वगैरे झालं नाही. धाकटा रोज दुपारी जेवायला घरी यायचा, बाबांच्या शेजारी बसायचा, दोघं हवापाण्याबद्दल बोलायचे. त्या गाडीचा विषय तेवढा कुणी काढायचं नाही.

ती गाडी आपली येण्याची वर्दी आधीच द्यायची. पिठाच्या गिरणीपाशी वळण आहे. तिथे धाकटा गिअर खाली टाकायचा आणि त्या फुटक्या वेल्डिंगमधून आवाज यायचा, आधी दोन दबके, मग एक मोठा, आणि मग घसा खाकरल्यासारखी खरखर. बाबा तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्यायचे. आणि स्वयंपाकघरात आईचा हात गॅसकडे जायचा. वळणावर आवाज आला की पातेल्याखाली गॅस पेटवायचा, म्हणजे तो हातपाय धुऊन बसेपर्यंत जेवण गरम. हे ती ठरवून करत नव्हती. आमच्याशी बोलता बोलता हात जायचा, काडी ओढली जायची. बाबांना आणि मला कधी गरम, कधी कोमट, जसं असेल तसं मिळायचं, आणि त्यावरून मी तिला पुष्कळ टोमणे मारले आहेत.

धाकटा तापाने गेला. लोकांना वाटतं गाडीवरून गेला. अजूनही कुणी भेटलं की मान हलवत म्हणतात, त्या तसल्या गाड्यांचं काही खरं नसतं. मी त्यांना तिथल्या तिथे सुनावते. साधा ताप आला, अंगावर काढला, मग तो डोक्यात गेला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या बोलण्यातूनच कळलं की उशीर झालाय. शेवटच्या दिवसांत तो मधेच शुद्धीवर यायचा. एकदा असा जागा झाला तेव्हा बाबा आणि आई दोघं पलंगापाशी होते. त्याने बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, “बाबा, गाडी होती तशी करून देतो.” नंतर तो फारसं काही बोलला नाही.

गाडी त्याच्या गाळ्यातून आणून आम्ही गॅरेजच्या मागच्या खोलीत ठेवली आणि वर ताडपत्री टाकली. आई त्या खोलीत कधी गेली नाही. अंगण झाडताना त्या दारापाशी आली की तिचा झाडू भराभर चालायचा. दुपारी ती आम्हाला हाक मारायची, आम्ही जायचो, जेवायचो. गॅस कधी पेटवायचा हेच तिला कळेनासं झालं होतं. कधी फार आधी पेटवायची आणि जेवण करपायचं, कधी विसरूनच जायची. आम्ही दोघं मुकाट्याने जे असेल ते खायचो. टोमणा मारायची माझी छाती नव्हती.

मग बाबा पहाटे उठून गॅरेजमध्ये जायला लागले. मी म्हटलं, बरंय, माणूस कामात बुडतोय. मागच्या खोलीचं दार ते आतून लावून घ्यायचे. एक दिवस माझ्याकडे आले आणि म्हणाले, एका सिलिंडरच्या जुन्या मॉडेलची एक सीट हवी आहे, अगदी कंपनीसारखी, घाई नाही पण चांगली कर. त्या मॉडेलच्या गाड्या आमच्याकडे सारख्या येतात. मी विचारलंसुद्धा नाही कुणाची. काळं रेक्झिन काढलं, किनार स्वतः कातरली, जीव लावून शिवली. कारण बाबा कधी ‘चांगली कर’ म्हणत नाहीत, नुसतं ‘कर’ म्हणतात.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बाहेर आले. आईला म्हणाले, जरा अंगणात ये. मलाही बोलावलं. मागच्या खोलीचं दार उघडून त्यांनी गाडी ढकलत बाहेर आणली.

काळी, टाकीवर सोनेरी रेघ. पूर्ण मडगार्ड, चकाकतं. हँडल खाली, जसं होतं तसं. कापलेला चॅसिस त्यांनी असा जोडला होता की सांधा हाताला लागत नव्हता. आणि तिच्यावर माझी सीट. ती मी कुणाच्या गाडीसाठी शिवली होती, हे मला त्या क्षणी कळलं. बाबांनी एका किकमध्ये गाडी चालू केली. कंपनीसारखा लांब सायलेन्सर होता, आवाज इतका मऊ की अंगणातल्या चिमण्याही उडाल्या नाहीत. बाबा गाडीशेजारी उभे राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. भेट दिल्यावर माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो ना, तसे ते आईकडे बघत होते.

आई म्हणाली, “कुणाची आहे?”

बाबांना वाटलं तिला नीट दिसलं नाही. ते म्हणाले, अगं, आपलीच, त्याचीच. तोच म्हणाला होता ना, होती तशी करून देतो म्हणून. त्याच्याच्याने झालं नाही, मी केली. त्याची शेवटची इच्छा होती.

आई पायरीवर बसली. मोठ्याने बोलणारी बाई नाही ती, तेव्हाही आवाज चढवला नाही.

“तुम्ही रडत होतात,” ती म्हणाली. “म्हणून म्हणाला तो.”

बाबांनी वाकून गाडी बंद केली.

“मी जाणार होते त्या खोलीत,” आई म्हणाली. “थोडं बळ आलं की जाणार होते. त्याने हाताने केलेलं तेवढंच राहिलं होतं.”

मला जे बोलायचं होतं ते मी बोलले, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी विचारलं, त्याचं सामान कुठंय. हँडल, झाकण, सायलेन्सर.  बाबांची मान हळूहळू गॅरेजच्या कोपऱ्याकडे वळली, पिंपांकडे, आणि तेव्हा कुठे त्यांना स्वतःलाच कळलं असावं. त्यांच्या हातांनी नेहमीसारखी वाटणी केली होती. मूळचा एकेक बोल्ट पहिल्या पिंपात आणि आपल्या मुलाच्या हातचं सगळं दुसऱ्यात.

मी धावत गेले. ‘मागाहूनचं’च्या तळाशी फक्त सीट होती, तपकिरी, तेलाने डागाळलेली. भंगारवाला फक्त लोखंड, पत्रा नेतो. रेक्झिन आणि फोम त्याला नको असतो, म्हणून ती मागे राहिली. मी ती उचलली, पोटाशी धरली आणि बाबांना म्हणाले, तुम्ही भंगारात घातलंत त्याला. हे मी म्हणाले आणि मला ते परत घ्यायचं नाही. पण ते म्हटल्यावर त्यांनी भिंतीचा आधार घेतला, तेही मी पाहिलं आणि तेही मला विसरायचं नाही.

बाबा तसेच, धुतलेल्या शर्टात, भंगारवाल्याच्या वखारीत गेले. मी मागोमाग गेले, कारण त्यांना एकट्याने जाऊ द्यायला जीव होईना. वखारवाला भला माणूस. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की तो माल कधीच ट्रकमधून भट्टीकडे गेला. बाबांनी मान हलवली आणि तरीही ढिगाऱ्यावर चढले. कापलेले पाइप, सायकलींची चाकं, कपाटांचे पत्रे एकेक बाजूला करत बसले. वखारवाला दोनदा मला म्हणाला, ताई, त्यांना सांगा ना. मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत की. शेवटी मीही साडी खोचून ढिगाऱ्यात उतरले. एक गोल झाकण सापडलं आणि बाबांनी ते कितीतरी वेळ उलटसुलट करून बघितलं. पण ते आपलं नव्हतं. आमच्या झाकणाला आईने मूठ तुटल्यावर दोरा बांधायला भोक पाडलं होतं. बाबांना ते भोक माहीत होतं, याचं मला तेव्हाही नवल वाटलं.

घरी आल्यावर आईने त्यांच्या हातावरच्या ओरखड्यांना औषध लावलं. बाबा तिला म्हणाले, “होती तशी करून देतो.”

आईने औषधाच्या बाटलीला बूच लावलं आणि उठली.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी मागच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. धाकट्याच्या गाळ्यावरच्या पोरांना बोलावून त्यांच्या फोनमधले त्या गाडीचे सगळे फोटो बघितले. ज्या पोरांना ते ‘कापाकापी कंपनी’ म्हणायचे, त्यांना त्यांनी खुर्च्या दिल्या आणि खाली वाकून विचारलं की हे हँडल त्याने कुठून आणलं होतं, हा रंग कसा मिसळला होता. पोरं बिचारी अवघडून गेली. एकाकडे गाडी चालू असतानाचा व्हिडिओ होता. फोनमधून तो आवाज डास गुणगुणल्यासारखा यायचा, पण बाबा तो कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकायचे.

चॅसिस कापायच्या दिवशी त्यांनी मला धरायला बोलावलं. आयुष्यभर या माणसाने एकही चॅसिस कापला नव्हता. ज्यांनी कापले त्यांच्याशी संबंध तोडले होते. नवा रंग खरवडून त्यांनी आपलाच सांधा शोधून काढला, खडूने रेघ मारली आणि ग्राइंडर हातात घेऊन नुसते उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, नको. ते म्हणाले, “त्याने बरोबर जागी कापला होता गं. इथे जोर येत नाही. मी तेव्हा नीट बघितलंच नाही.” मग त्यांनी ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडत होत्या तोवर मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

रंग जमला. हँडल जमलं. आईने न बोलता एक दिवस नवं झाकण आणून मोरीपाशी ठेवलं आणि बाबांनी न बोलता ते उचललं. सीट मी फक्त पुसली. उसवलेला एक टाका होता, तोही तसाच ठेवला. सगळं झालं, पण आवाज जमेना.

बाबांनी सायलेन्सर कापला, जोडला, गाडी चालू केली. आई मागच्या दारात आली, पदराने हात पुसत उभी राहिली, ऐकलं आणि आत गेली. बाबांनी तो काढला, दुसरा केला. आई आली, ऐकलं, आत गेली. असं किती वेळा झालं कोण जाणे. ती कधी नाही म्हणाली नाही, नुसती आत जायची. बाबा लांबी बदलत होते, आतली जाळी बदलत होते, कार्ब्युरेटरशी खेळत होते. जेवताना समोर बघत नसत. मला आधी त्यांचा राग होता, मग राग आणि दया दोन्ही, आणि मग नुसती दया उरली. तीही त्यांना दाखवायची चोरी.

एक दिवस मी त्यांनी केलेला तो नवा सायलेन्सर हातात घेऊन बघत होते. सांध्यावर वेल्डिंगची सरळ, एकसारखी ओळ. माझ्या शिलाईसारखी. मी म्हटलं, बाबा, हे फार चांगलं झालंय. ते म्हणाले, मग? मी म्हटलं, त्याला येत नव्हतं.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ त्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग मुद्दाम वाईट जोडायचा प्रयत्न केला. पण चाळीस वर्षांचा हात, तो वाकडं जायला तयारच होईना. गोळा आला की आपसूक सपाट व्हायचा, भोक राहिलं की आपसूक बुजायचं. हे बघून मला एकदा हसू आलं आणि लगेच रडूही आलं. शेवटी बाबांनी वेल्डिंगची कांडी डाव्या हातात घेतली.  लोखंडाचे गोळे पडले, मधे फटी राहिल्या, एक बाजू जळून काळी झाली. धाकट्याचा सांधा होता तसाच, बघवणार नाही असा सांधा झाला.

त्या दिवशी त्यांनी तो अंगणात वाजवला नाही. गार होऊ दिला, गाडीला बसवला आणि दुपारी गाडी ढकलत रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, धाकट्याच्या गाळ्यापर्यंत. मला काही सांगितलं नाही. मी घरात गेले. आई ओट्यापाशी उभी राहून शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती, कुठे ठरलं, कुणी ठरवलं. पातेलं गॅसवर होतं, गॅस बंद होता.

गिरणीच्या वळणावर गिअर खाली पडला. दोन दबके, मग एक मोठा, आणि मग ती खरखर.

आईचं बोलणं चालूच होतं. तिचा हात गेला, काडी ओढली, गॅस पेटला. तिने पातेल्यावरचं झाकण बाजूला केलं, चमच्याने ढवळलं, आणि ओट्यावर ताट मांडलं. तिच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं ते होतं, काहीच नव्हतं खरं तर, रोजच्या दुपारसारखा चेहरा होता. “आज वेळेवर आला बाई,” ती म्हणाली.

आवाज अंगणात आला आणि थांबला. पावलं वाजली. बाबा दारात येऊन उभे राहिले, हाताला काजळी, केस वाऱ्याने विस्कटलेले. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, त्या दिवशी अंगणात बघत होते तसेच.

आई त्यांच्याकडे वळली. तिला ते दिसायला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावरून जे उतरत गेलं ते बघताना मला वाटलं, आपण या खोलीत नसतो तर बरं झालं असतं. तिने हातातला चमचा ओट्यावर ठेवला आणि ओट्याची कड धरली.

“अगदी तशीच आहे,” ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली.

“पुन्हा वाजवू नका.”

“नाही वाजवणार,” बाबा म्हणाले.

ते तिथेच उभे होते. आत यावं की जावं हे त्यांना कळत नसावं. मांडलेल्या ताटाकडे आईने बघितलं. मग ते उचललं, त्यात गरम गरम वाढलं आणि त्यांच्या नेहमीच्या जागी नेऊन ठेवलं. बाबा हातपाय धुऊन आले आणि बसले. जेवण इतकं गरम होतं की पहिल्या घासाला त्यांचं तोंड भाजलं, पण ते काही बोलले नाहीत, खाली मान घालून सगळं संपवलं. आई त्यांच्यासमोर बसून होती. गॅस तसाच चालू राहिला होता, तो मी बंद केला.